दहानंतर एक

प्रिय ठमाबाई,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, आई, निवृत्तीचं काय ठरलं, आणि दारावर कुणीतरी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. तुझ्याशी बोलताना मला मुद्द्यावर येताच येत नाही. तू मध्येच चिंगीच्या हातात फोन देतेस, ती एकदा ‘आज्जी’ म्हणते आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. कागदावर तुला ती सोय नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझीच बाजू मांडते, म्हणजे आईला काही कळत नाही असं तू म्हणायला नकोस. चिंगी दोन वर्षांची. पाळणाघर साडेपाचला बंद होतं, तू सुटतेस सहाला, आणि जावईबापूंची पाळी दर आठवड्याला बदलते. तेवढ्या अर्ध्या तासासाठी तुला रोज कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. इकडे मी त्रेपन्नाची, ठणठणीत, आणि हॉस्पिटलने मुदतीआधी निवृत्त व्हायची मुभा दिलेली. तू लगेच मागची खोली रंगवून घेतलीस, पडदे लावलेस, माझ्या गुडघ्यांचा विचार करून कमी उंचीचा पलंग आणलास आणि सगळ्याचे फोटो पाठवलेस. मला पिवळा रंग आवडतो हे तुझ्या लक्षात राहिलं, याचं फार बरं वाटलं. पण ते फोटो मी पुन्हा उघडले नाहीत.

आता माझी बाजू. चार वर्षांपूर्वी आपला रस्ता खोदला, बस बंद झाली, तेव्हा जिन्याखालची तुझी शाळेतली सायकल मी बाहेर काढली. आठ महिन्यांपुरती. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर उतरून ढकलत नेली आणि संध्याकाळी कंबर धरून बसले. हात दाखवून अवलक्षण, असं तुझे बाबा म्हणाले. पुढे रस्ता झाला, बस सुरू झाली, मी मात्र सायकल सोडली नाही. मग रविवारी तळ्यापर्यंत, मग तळ्याच्या पलीकडे. तिथे काय ठेवलंय म्हणशील तर काही नाही. डांबर, झाडं, अधूनमधून उगाच भुंकणारं एखादं कुत्रं. पण तिथे मला कुणी हाक मारत नाही. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले; सर्जनने मागायच्या आधी त्याच्या हातात वस्तू द्यायची, हे माझं काम. घरी आल्यावरही तेच, फक्त सर्जन बदलायचे. सायकलवर तहान लागली की ती माझी मला लागते. हे कळायला पन्नाशी उलटावी लागली, याची थोडी लाज वाटते.

चढावर मी पेडलचे फेरे मोजते. दहा झाले की पुन्हा एक. शंभराचा विचार केला तर दम तुटतो, दहा कुणालाही जमतात. ही सवय कुठवर गेली ते ऐक. पोट शिवायच्या आधी आत वापरलेले गॉजचे तुकडे आम्ही दोघी सिस्टर मोठ्यानं मोजतो. गेले तितके बाहेर आले, की मगच टाके. हे काम मला झोपेतही जमेल असा माझा तोरा होता. तीन-चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी मी मोजत गेले, आठ, नऊ, दहा, आणि म्हणाले, एक. समोरची सिस्टर थांबली. सर्जनने मान वर केली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजले, तीसच्या तीस भरले, पेशंटबाई चौथ्या दिवशी चालत घरी गेली. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. पण त्या क्षणी माझं मन कुठे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तळ्यापलीकडच्या दुसऱ्या चढावर. अशा बाईने त्या टेबलाशी उभं राहू नये, असं हात धुताना मीच ठरवलं.

म्हणजे नोकरी सोडायची, इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते पुढे. ड्यूटी आहे म्हटलं की तू, बाबा, सगळं गणगोत गप्प बसायचं. ‘सायकलवर जायचंय’ या वाक्याला ती इज्जत नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं तर माझं मलाच हसू आलं. नोकरीमुळे आजीला नात सांभाळता येत नाही, हे लोक समजून घेतात. सायकलमुळे येत नाही म्हटलं तर बाईचं डोकं फिरलंय म्हणतील. आणि असं म्हणणाऱ्यांत पहिली तू असशील, याची मला भीती वाटत होती. अजून वाटते.

आता ज्यासाठी हे पत्र, ते सांगते. मला निवृत्त होऊन सात आठवडे झाले. रोज सकाळी पावणेसातला पूर्वीसारखीच बाहेर पडते आणि तुझा फोन आला की बाबा सांगतात, आई कामावर गेलीय. त्यांना खोटं पचत नाही, त्या दिवशी ते धड जेवतही नाहीत. मागच्या बुधवारी चिंगीला ताप चढला, तू रडत माझ्या मोबाइलवर फोन केलास, आणि मी सांगितलं, ऑपरेशन चालू आहे, निघता येणार नाही. मी घरापासून चाळीस किलोमीटरवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून केळं खात होते. फोन ठेवून उरलेलं केळंही खाल्लं. मला यायचं होतं गं. पण आले तर ड्यूटीवरून इतक्या लवकर कशी सुटलीस, असं तू विचारशील, म्हणून आले नाही. एवढ्याशा भीतीपायी तुला एकटीला रात्र काढायला लावली, याची मला लाज वाटते. तापासाठी मी कधीही येईन, पहिल्या बसने येईन. रोजच्या साडेपाचसाठी येणार नाही. ती खोली माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस, चिंगीला दे. बाबांना मी सांगितलंय, यापुढे आई कुठे आहे ते खरं सांगा. ते ऐकून तू चिडशील, दोन-चार दिवस बोलणारही नाहीस. चालेल. पण मी फोन करेन तेव्हा उचल.

तुझीच,
आई