सव्वा किलोचा तंबू

मंगळवार, सकाळी

लेकीच्या माघारी तिचा तंबू दुकानात परत देऊन आलास, ही कुठली मर्दुमकी? तेही ती आंघोळीला गेलेली असताना. चोर निदान घर तरी दुसऱ्याचं बघतो.

असो. थोरल्या, तुला आशीर्वाद, सूनबाईलाही. माझे गुडघे चालतायत. अक्षर तेच आहे, चौथीपर्यंतचं. चष्मा पुसून वाच.

तर तो तंबू. परत दिलास ते एका परीने बरंच झालं, तंबू भिकार होता. पोरगी आठशे ग्रॅमवर भाळली. एकेरी कापड, हवेला वाट नाही. आपलाच श्वास आत साचतो आणि पहाटे थेंब थेंब नाकावर पडतो. पण तू काही हे बघून परत दिला नाहीस. तिने जाऊच नये असं तुझ्या मनात होतं.

ती माझ्याकडे आली. रडली नाही, माझ्यावर गेलीये. मी तिला घेऊन दुसऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी तिघांना पुरेल असं धूड काढलं. म्हटलं, हे घेऊन ही डोंगर चढणार की डोंगर हिच्यावर चढणार? मग दुपदरी निघाला, सव्वा किलोचा. आत जाळी, बाहेर कापड, मध्ये वारा खेळायला जागा. मी त्यात आडवी झाले. दुकानदार म्हणाला, आजी, इथे झोपायची सोय नाही. म्हटलं, एकतीस वर्षं ताडपत्र्या आणि तंबू शिवलेत, आडवं झाल्याशिवाय कळत नाही. पाय कापडाला टेकले की पाणी आत आलंच समज.

आमच्या कारखान्यात रीत होती, जिने शिवला तिनेच आत बसायचं आणि वरून पाणी सोडायचं. तेच केलं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तंबू उभारला, मी आत, नात नळी धरून बाहेर. अर्धा तास. कोरडी बाहेर आले. शिवणींवर आतून पट्टी आहे, खुंट्या हलक्या पण वाकत नाहीत. घेतला.

पुढच्या शुक्रवारी तिची गाडी आहे. नऊ दिवसांची वाट, बरोबर दोघी मैत्रिणी. पिशवी भरून माझ्या दाराशी ठेवलीये. पण कार्टी म्हणते, "बाबा हो म्हणाले तरच जाईन. चोरून जायला मी काय गुन्हा केलाय?" मी म्हटलं, जा, मी बघून घेते त्याला. ऐकत नाही.

तू म्हणशील, काळजी वाटते. वाटणारच. मलाही वाटली होती.

तुझा तंबू आठवतो ना? तू हिच्याच वयाचा होतास. निघायच्या आदल्या दिवशी तो माळ्यावरून नाहीसा झाला. तू ह्यांच्यावर आळ घेतलास, बाबांनी विकला म्हणालास. ते जाईपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोललास.

त्यांनी विकला नव्हता. मी कापला. माझ्याच कात्रीने, भर दुपारी, तू बाहेर गेलेला असताना. शिवण कच्ची आहे असं मनाशी म्हटलं. शिवण पक्की होती, मीच घातली होती. एवढं चांगलं कापड टाकवेना, म्हणून काळ्या रंगात बुडवून बाजाराच्या पिशव्या केल्या. तू त्या कित्येक वर्षं वाहिल्यास.

तू कुठे पडशील ही भीती नव्हती रे. तू धडधाकट परत येशील आणि मग तुझं घरात मन लागणार नाही, ही होती. ह्यांना सगळं ठाऊक होतं. ते गप्प बसले, मीही बसले. त्यांचा तो चांगुलपणा, माझी लबाडी. तू गेला नाहीस, पण घरात आहेस असंही पुन्हा कधी वाटलं नाही.

माफी ह्यांची मागायची होती, ते आता नाहीत. तू हवं तितकं रागव, मी काही मोडत नाही. पण मी केलं तेच तू करू नकोस. त्यातून काय मिळतं ते मी बघून बसलेय.

ह्या पत्राचं उत्तर मला नको. इथे ये, पोरीसमोर बस आणि तिला दे, हो की नाही ते तुझ्या तोंडाने. सूनबाईकरवी निरोप धाडलास तर ती घेणार नाही, मी बजावून ठेवलंय.

तुझी आई