तीनवार म्हणण्यापूर्वी

७ नोव्हेंबर

चिरंजीवास,

आशीर्वाद. सूनबाईंस आशीर्वाद, चिमणीस आशीर्वाद आणि एक पापा. माझी प्रकृती आहे तशी आहे. तुमचे क्षेम मला कळते. कसे कळते ते पुढे लिहीन, अथवा लिहिणार नाही.

तू पाठविलेले यंत्र कुरियरवाल्याने दारात आणून आपटले. वर्णन करतो, म्हणजे आपण बापास काय पाठविले हे तुला समजेल. कानांवर बसणाऱ्या दोन काळ्या वाट्या, एका वाटीतून तोंडापर्यंत वाकलेली दांडी, आणि दांडीच्या टोकास एक काळा स्पंज. हा स्पंज बोलताना ओठास लागतो. झुरळाच्या पोटास स्पर्श व्हावा तशी शिसारी येते. वाट्यांत कान घामाने चिकटतात. माणसाने माणसाशी बोलण्यासाठी एवढे किळसवाणे सोंग घ्यावे, हे माझ्या बुद्धीपलीकडचे आहे.

माझा आवाज बसला आहे हे मी नाकारीत नाही. नुसत्या फोनवर तुला "खरखर" येते, माइक तोंडापाशी असला तर नीट ऐकू येईल, ही तुझी कल्पना. कल्पना वाईट नाही. वाईट एवढेच की ज्याने आयुष्यभर भाजीबाजारात उघड्या गळ्याने लिलाव पुकारला, ज्यास हमालांपासून अडत्यांपर्यंत सारे "भोंगा" म्हणत, त्याच्या तोंडापुढे आता स्पंज बांधावा लागतो.

असो. पिन फोनच्या भोकात घातली. पडद्यावर हेडफोनचे चित्र उमटले. तुला फोन लावला. तू "हॅलो बाबा" म्हणालास ते दोन्ही कानांत असे आले की जणू तू माझ्या डोक्यात खुर्ची टाकून बसला आहेस. मी उत्तर दिले. तू पुन्हा "हॅलो" म्हणालास. मी पुन्हा उत्तर दिले. तुझे सर्व मला ऐकू येत होते, माझे तुला काहीही नाही. त्यानंतर काय झाले ते लिहिण्याचे आज प्रयोजन नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार काहीतरी चघळीत होता. त्याने यंत्र माझ्या हातून ओढून घेतले, स्वतःच्या तेलकट कानांवर चढविले, स्वतःच्या फोनला जोडले आणि स्पंज ओठांत धरल्यासारखा करून "हॅलो, चेक, चेक" असा ओरडला. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या मेहुण्याने फोन कानाला लावून हात वर केला, "येतंय रे, येतंय!" मग पिन माझ्या फोनात घातली. नाही आले. तेव्हा त्याने माझ्या फोनच्या भोकात फुंकर मारली. त्या फुंकरीत नुसती हवा नव्हती.

"काका, आधी हे कव्हर काढा," तो म्हणाला.

"कव्हर निघणार नाही."

"अहो, फोनला स्वेटर घातलाय तुम्ही!"

"ते रेक्झिन आहे. शिवलेले आहे."

"मग नवीन फोन घ्या."

"त्याने तुमचे भले होईल, माझे नाही," असे म्हणून मी उठलो.

ते कव्हर तुझ्या आईने माझी बाजारातली पिशवी कापून, दुहेरी टाके घालून, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात शिवले. माझ्या हातून फोन पडे म्हणून. ते काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही, हे दुकानदारास सांगण्याची गरज मला वाटली नाही. तुला सांगण्याचीही वाटू नये.

घरी येऊन स्पंज साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, तरी त्या माणसाच्या तोंडाचा वास जाईना. अखेर पुन्हा धुऊन, चिमटा लावून गॅलरीतल्या दोरीवर टाकला आहे. गंज्यांच्या रांगेत माइक वाळत घालण्याची वेळ माझ्या वैऱ्यावरही न येवो.

तुझा निरोप वाचला. "घसा साफ करून घेऊ, छोटंसं काम आहे, तिकीट काढतो." तिकीट काढू नये.

तुझे बाबा


१२ नोव्हेंबर

चिरंजीवास,

आशीर्वाद.

काल तुझा फोन आला. स्पंज पुन्हा धुऊन दोरीवर टाकला होता, तो नीट वाळला नव्हता, तरी बसवून, यंत्र कानांवर चढवून मी फोन घेतला. तू म्हणालास, "बाबा, काहीतरी बोला. निदान खोका तरी!" मी खोकलो. माझा हल्लीचा खोकला जिन्यात ऐकू जातो, पण तुला तो पोचला नाही. यंत्र उपटून बोललो असतो तर खरखर पोचली असती हे मला ठाऊक आहे. परंतु जे सांगायचे आहे ते खरखरीत सांगण्यासारखे नाही, म्हणून लिहितो.

मागील पत्रात मी एक गोष्ट गाळली. यंत्र प्रथम जोडले त्या दिवशी तू "हॅलो, हॅलो" करून थकलास. मग म्हणालास, "लागलाय, पण आवाजच नाही." सूनबाई म्हणाल्या, "मग ठेव ना." तू म्हणालास, "असू दे, ठेवतील ते." त्या म्हणाल्या, "त्यांना ते लाल बटण सापडत नाही रे." यात खोटे काही नाही. मला लाल बटण सापडत नाही. तुम्ही फोन टेबलावर ठेवलात, भांड्याचा आवाज आला, आणि तुम्ही बोलू लागलात. माझा आवाज तुम्हांस येत नाही, त्याअर्थी माझे कानही गेले, असे तुम्ही दोघांनी धरून चाललात. तुम्ही दोघे पदवीधर आहात.

सूनबाई म्हणाल्या, "मग सांगितलंस का त्यांना?"

तू म्हणालास, "काय सांगू? स्वरयंत्र काढणार आहेत म्हणून? बाबांना? वेड लागलंय का? घसा साफ करायचाय म्हणून घेऊन येऊ. सह्या मी करतो."

"आणि शुद्धीवर आल्यावर? तुझ्यावर केवढे चिडतील ते!"

"चिडू देत. तेव्हा बोलता थोडंच येणार आहे?"

आणि तू हसलास. मग नाक ओढलेस. मी न्याय सोडून लिहीत नाही. नाक ओढल्याचे मी ऐकले. पण हसणे आधी आले.

मी यंत्र कानांवरून काढले नाही. काढावयास हवे होते. दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे हे मला ओकारी आणणारे कृत्य वाटते, आणि ते मी शेवटपर्यंत केले. त्या दिवशी मी जेवलो नाही. घास तोंडाशी नेला की ओठास तो स्पंज लागल्याचा भास होई.

उन्हाळ्यात मोठ्या डॉक्टरांकडे तू मला नेलेस, तेव्हा मला बाहेर बाकावर बसवून तू आत गेलास. बाहेर येऊन म्हणालास, "सूज आहे बाबा, बाकी काही नाही." तुझ्या कपाळास घाम होता आणि आतली खोली थंड होती, दार उघडले तेव्हा गारवा माझ्या पायांना लागला होता. मी विचारले नाही. मुलाने एखादी गोष्ट जड समजून स्वतः उचलली तर बापाने ती त्याच्या डोक्यावरून ओढून घेऊ नये, असे मला वाटले. आपण सूज म्हणत राहिलो. तू फोनवर विचारायचास, "सूज कशी आहे?" मी म्हणायचो, "आहे." एवढ्यावर आपले चालले होते. ते मला चालत होते.

आता जे चालत नाही ते सांगतो. तू लहानपणी बाजारात येत असस, परंतु तुझे लक्ष सफरचंदांच्या पेट्यांकडे असे. म्हणून कदाचित तू पाहिले नसशील. लिलाव पुकारणारा कितीही मोठ्या गळ्याचा असो, माल त्याचा नसतो. बोली चढते, मी "एकवार" म्हणतो, "दोनवार" म्हणतो, आणि मग थांबतो. ढिगाच्या मागे माल पिकविणारा उभा असतो. त्याच्याकडे पाहावयाचे. त्याने मान हलविली तरच "तीनवार". नाही हलविली तर माल त्याचा, तो गाडीत भरून परत नेईल. एकदा एका अडत्याने मालक चहाला गेलेला पाहून मला खुणावले, "भोंग्या, उरक." मी उरकले नाही. सारा बाजार खोळंबला, शिव्या देऊ लागला. मालक मिशा पुसत आला, त्याने मान हलविली, तेव्हा मी तोंड उघडले.

आणि माझ्या गळ्याचा लिलाव तू मला भूल देऊन, स्वतः मान हलवून उरकणार होतास.

मला किळस आली ती तुझी नव्हे, असे लिहावयास बसलो होतो. तसे लिहिता येत नाही.

बाबा


१६ नोव्हेंबर

चिरंजीवास,

आशीर्वाद. तुझे उत्तर आले. तुझे अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखे आहे. कागदावर एके ठिकाणी शाई फुटली आहे. ती कशाने फुटली हे मी विचारणार नाही. तू लिहिलेस, "मला तुमच्यासमोर तो शब्द उच्चारता येईना." हे वाक्य मी पुन्हा वाचले. बाकीचे पत्र वकिली आहे.

तिकडे काय घडले ते लिहिलेस, आता इकडे काय घडले ते वाच.

खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, हे तुला माहीत आहे. जिन्यात चपला ठेवण्यावरून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बुधवारी त्या वर आल्या. दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलेली एक वस्तू होती.

"हे काय आहे? माझ्या धुतलेल्या चादरीवर पडलंय. मला वाटलं उंदराचं मेलेलं पिल्लू!"

"तो माझा माइक आहे," मी म्हणालो.

"काय?"

"माइक."

माझ्या घशातून काय निघाले कोण जाणे, त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन बसल्या. मी यंत्र दाखविले, फोन दाखविला. त्यांनी चष्मा पुसला. फोन हातात घेऊन दाबून पाहिला.

"हा फोन आहे की उशी? अहो, पिन अर्धी बाहेरच राहतेय. हे कव्हर एवढं जाड, ती आत टेकणार कशी? दाराला कडी अर्धी लावली तर दार लागतं का?"

"पण चित्र येते. ऐकूही येते."

"अर्ध्या पिनेनं कानाचं भागलं, तोंडाचं नाही. काढा ते."

मी सांगितले की ते माझ्या पत्नीने शिवले आहे. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरविले. मग आवाज न उतरविता म्हणाल्या, "फोन फुटू नये म्हणून शिवलं त्यांनी. तुमचं तोंड शिवायला नव्हे."

या बाईंना कोणत्याही शाळेने इतकी वर्षे कशी सोसली, याचे मला आश्चर्य वाटते.

त्या समोर असताना मी कात्रीस हात लावला नाही. त्या गेल्यावर भोकाजवळच्या कोपऱ्याचे टाके ब्लेडच्या टोकाने उसविले आणि रेक्झिन मागे दुमडले. आईने तेथे दोऱ्याची गाठ दुहेरी मारली होती. ती मात्र सुटेना, ती तशीच ठेवली आहे. मग पिन घातली. कट् असा आवाज झाला. तो आवाज आजवर कधीच झाला नव्हता, हे तो झाल्यावर कळले.

खात्रीसाठी खाली बाईंना फोन लावला. स्पंज ओठास लागला, लागू दिला. काय बोलावे सुचेना, म्हणून म्हणालो, "बटाटा, एक नंबर, बोला मंडळी."

"ऐकू येतंय!" त्या कडाडल्या. "एवढं ओरडायला काय झालं?"

मी ओरडलो नव्हतो. मी ओरडू शकत नाही. परंतु गेल्या कित्येक महिन्यांत मला "ओरडू नका" असे कोणी म्हटले नव्हते. मी यंत्र काढून खिडकीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मग वर्तमानपत्र वाचले.

आता नीट वाच. रविवारी सकाळी मी फोन करीन. तू फोन टेबलावर ठेवायचा नाही, हातात धरायचा. आधी तू बोलायचे. सूज म्हणावयाचे नाही. जे आहे त्याचे नाव घ्यावयाचे. काढले तर काय जाईल आणि ठेवले तर काय जाईल, दोन्ही बाजू मालकासमोर मांडावयाच्या. रडू आले तर रड, परंतु वाक्य पुरे कर. मी मध्ये बोलणार नाही. मला ऐकू येते, हे तुला आता माहीत आहे.

सूनबाईंनीही समोर बसावे. "सांगितलंस का त्यांना?" असे त्यांनी विचारले होते, हे मी विसरलेलो नाही.

चिमणीस मांडीवर घ्यावे. तिने माझी खरखरच ऐकली आहे. आजोबांस भोंगा हे नाव थट्टेने पडले असावे, असे तिला वाटते. तिने मला तसे विचारलेही होते. तुझे बोलून झाले की मी तिला एक लिलाव पुकारून दाखवीन. गळ्यात असेल नसेल ते सर्व त्यात घालीन, पुढे राखून ठेवण्याचे कारण उरणार नाही. माल एकच आहे, जुना आहे, डागी आहे. एकवार, दोनवार तू म्हणालास तरी चालेल.

मग मी मान हलवीन. ती तुला फोनवर दिसणार नाही. म्हणून तीनवार मीच म्हणेन, आणि त्यानंतर तू तिकीट काढावेस.

हजर असलेला मालक,
तुझे बाबा