वल्ही हरवल्याची तारीख

१४ मार्च, भर दुपारी, दुकानातून

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांग या खेपेला राहू दे. कंबर धरली आहे आणि डोकंही तापलंय. तुझं पत्र मिळालं. गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे ठीक. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. बाबांची खोली अजून आवरलेली नाही, आणि कुणी "आवर आता" म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवते.

आता तुझ्या पत्राकडे येते. प्रार्थना मंडळाच्या मासिकात तू बाबांच्या आठवणी छापायला देते आहेस. दे की. भाऊ तुझा, हक्क तुझा. लहानपणी घराचा दरवाजा काढून त्याचा तराफा केला नि आजोबांचा मार खाल्ला, ते छापच. ब्रेक तुटलेल्या सायकलवरून अख्खा घाट उतरले आणि खाली पोचल्यावर आभाळाकडे बोट करून म्हणाले, "तो होता ना ब्रेक लावायला," तेही छाप. सुतार माणूस, होडी स्वतःच्या हातानं केली. दर वेळी निघताना पुढची फळी पुसायचे आणि म्हणायचे, "देवा, तू पुढे बस, मी वल्हवतो." मी म्हणायचे, "बाबा, त्यालाही एक वल्हं द्या की, फुकट बसतो नुसता!" काय हसायचे गं.

पण तो शेवटचा परिच्छेद? "डॉक्टरांनी चार महिने सांगितले. त्याला होडीनं नदीतून समुद्रापर्यंत जायचं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी वल्ही अदृश्य झाली, आणि देवाची इच्छा ओळखून त्यानं मान तुकवली." वर मला विचारतेस, वल्ही गेली ती तारीख तेवढी कळव! शोकसभेतही हेच सांगितलंस. चाळीस माणसं डोळे पुसत होती आणि मी त्यांना पाणी देत फिरत होते.

तुला कधी राग येत नाही का गं? मला येतो. तुझा येतो. तुझ्या त्या देवाचा येतो. सगळ्यात जास्त बाबांचा येतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटल्यावर माणूस खचतो की नाही? हे डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणतात, "चार महिने? मग समुद्रापर्यंतचे नऊ दिवस सहज निघतील." पूर्वी एकदा निघाले होते, तेव्हा मी बरोबर होते, आठ वर्षांची. मला ताप भरला म्हणून अर्ध्यातून परत फिरले. ते राहिलेलं त्यांना पुरं करायचं होतं. आणि पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता! त्यांच्या पँटी मी तीनदा आत घेतल्या, आत्या. बत्तीसची कंबर सव्वीसवर आली होती. तू टेप धरला नव्हतास, मी धरला होता.

तारीख हवी ना? घे. आठ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी साडेसहा. बाबा आंघोळीला गेले होते. मी वल्ही उचलली, अस्तराच्या कापडात गुंडाळली, दुकानात आणली आणि ताग्यांमागे उभी केली. अजून तिथेच आहेत. हे लिहिताना समोर दिसताहेत.

दिवसभर शोधली त्यांनी. माझ्या पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. मला वाटलं, चिडतील, आदळआपट करतील आणि दोन दिवसांत नवी जोडी करतील. सुताराला वल्ही करायला कितीसा वेळ लागतो? खरं सांगते, रंध्याचा आवाज येतोय का म्हणून मी कान लावून होते. एकदा जरी ओरडले असते, "कुणी नेली माझी वल्ही?", तर आणून दिली असती. रडत, भांडत, पण दिली असती. छे! जन्मात कुणाचं 'नको' ऐकलं नाही या माणसानं, आणि ऐकलं ते नेमकं माझं, तेही देवाचं समजून. आत येऊन म्हणाले, "तो नको म्हणतोय. त्याचं ऐकावं." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आणि "शांतपणे गेला" असं लिहिलंयस, तेही खोड. शेवटच्या आठवड्यात त्यांचे हात चादरीवर सारखे पुढे-मागे, पुढे-मागे. नर्सनं विचारलं, "काय करताहेत हे?" मी म्हटलं, "काही नाही, हात आखडलेत." आखडले कसले! वल्हवत होते. मुठी वळलेल्या, आणि मुठीत काही नाही.

तेव्हा तो परिच्छेद काढ, नाहीतर हे पत्र छाप. वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस कदाचित. तुझ्याशिवाय मला आता कुणी नाही, हे कळतंय मला. तरी लिहिते. हे पोटात ठेवून कपडे बेतता येत नाहीत, माप चुकतं.

गणवेश शनिवारी द्यायचेत. रविवारी सकाळी मी होडी पाण्यात लोटणार. मला धड वल्हवता येत नाही, समुद्र तर लांबच. पुढची फळी मी पुसून ठेवेन. त्याला बसवणार नाही, त्याच्याशी माझं बोलणं नाही. तू ये. भांडायचं असेल तर समोर बसून भांड.

तुझी भाची,
तुझ्या लेखात जिचं नाव तू 'देवाची इच्छा' असं लिहिलंयस, ती