एक दिवसाचा पगार

सर,

स्वयंपाकघरातलं दोन दारांचं कपाट, ज्याचा मधला कप्पा काकूंच्या मसाल्याच्या डब्याच्या मापाचा होता. तुमचं लिहायचं टेबल. सागवानी नव्हे, बीचच्या लाकडाचं, कारण इथं फुजैरात सागवान म्हणून जे विकतात ते मला पटत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीचा घडीचा मंच, एकही खिळा नसलेला, दोन माणसांनी चहा निवायच्या आत उभा करावा असा. मंडळाची मतपेटी, वरची फट एकच घडी केलेली चिठ्ठी जाईल एवढी. आणि शेवटी तुमच्या पुस्तकांचं खोकं, दोरीच्या कड्यांचं. एवढं मी तुमच्यासाठी किंवा तुमच्या सांगण्यावरून माझ्या हातांनी केलं. पैसे कशाचेच घेतले नाहीत, त्या खोक्याचे सोडून. तेही मी मागितले नव्हते. तुम्ही पाकिटात साठ दिरहम घालून काकूंच्या हाती पाठवलेत. मी घेतले, कारण काकू माझ्या दुकानाच्या दारात उन्हात उभ्या होत्या आणि त्यांना काही माहीत नव्हतं.

माझं शिक्षण आठवी. लोकांना मी आजही सांगतो, मी स्वतः शिकलो. खरंच आहे ते, रंधा कसा धरायचा हे मला कुणी दाखवलं नाही. फक्त ड्रॉइंग वाचायला तुम्ही शिकवलंत, शुक्रवारी सकाळी, तुमच्या स्वयंपाकघरात, काकूंचे पोहे होईपर्यंत. आपली पहिली भेट शाळेतली. मी फळ्याची चौकट बसवतोय आणि तुम्ही, गणित आणि नागरिकशास्त्राचे मास्तर, मागे येऊन उभे राहिलात. ‘काटकोन कशानं बघता, मिस्त्री?’ मी म्हणालो, ‘डोळ्यानं.’ तुम्ही खिशातून पोरांचा प्लास्टिकचा गुण्या काढून कोपऱ्याला लावलात. केसाएवढी फट नव्हती. मी तुमच्याकडे बघतोय, आता काय बोलता म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘आज बरोबर आलं. पण डोळ्याचं असं आहे, तो आपल्या बाजूनं बघतो.’ आणि गुण्या मला देऊन टाकलात. अजून दुकानात आहे. एक कोपरा तुटलाय, त्यामुळे वापरत नाही, पण आहे.

तो रंगारी तुम्ही विसरला नसाल. आपलाच मराठी माणूस, लेबर कॅम्पमधला, परांचीवरून पडून गेला. कंपनी कागदांसाठी आज-उद्या करत होती आणि तो शवागारात. आपण दोघं मंडळाच्या खजिनदाराकडे गेलो तर ते म्हणाले, पैसे संगीतरजनीत खलास झाले, आणि तसाही तो सभासद नव्हता. सभासद कसा असेल? वर्गणी कुटुंबामागे दोनशे दिरहम, त्याचा पगार महिन्याला सहाशे. खजिनदारांच्या बिल्डिंगच्या पायरीवर तुम्ही बसलात आणि तिथंच तुमची योजना झाली. प्रत्येकानं वर्षातून एक दिवसाचा पगार मंडळाला द्यायचा. मॅनेजरनं त्याचा, रंगाऱ्यानं त्याचा. रंगाऱ्याचे वीस होतील, मॅनेजरचे पाचशे. जो देईल त्याला मत. आणि त्या पैशांना हात लावायचा तो फक्त असं कुणी शवागारात पडलं तर.

त्याच दिवसांत अमेरिकेत अध्यक्षपदाची धामधूम होती, पक्षातल्या पक्षात उमेदवार ठरत होते. तुम्ही पेपर पसरून बसायचात. कुठल्याशा उमेदवाराची करांची योजना होती, सगळ्यांना एकच दर. ती तुम्ही मला पेन्सिलीनं टेबलावरच मांडून दाखवलीत, मी तीनदा पॉलिश केलेल्या टेबलावर. जिथं आपण राहतो तिथं कर नाही, मत नाही, आणि आपण दोघं फुजैरात पोहे खात तिकडच्या करांची वजाबाकी करतोय! ‘ह्यांची पद्धत बघा,’ तुम्ही म्हणालात, ‘आधी घरच्यांना हरवायचं, मग बाहेरच्यांना. आणि योजना बरोबर आहे का, हे कुणी विचारत नाही. हा निवडून येईल का, एवढंच विचारतात.’ मी विचारलं, ‘येईल का?’ ‘छे!’ तुम्ही खुशीत म्हणालात. ‘पण बरोबर आहे.’ आणि त्याच दमात सांगितलंत की मंडळाच्या अध्यक्षपदाला तुम्हीही उभे राहताय.

मंडळात गट दोन. आपल्या गटानं कुणाला उभं करायचं हे आधी आपसांत हात वर करून ठरणार होतं, मग सगळ्या मंडळाचं मतदान. मी म्हणालो, ‘सर, एक दिवसाचा पगार म्हणजे गुणिले तीस. इथं नवरा बायकोला खरा पगार सांगत नाही, आणि तुम्ही खजिनदाराला सांगायला लावताय.’

‘बंद पाकिटात देतील.’

‘ते उघडणार कोण?’

‘खजिनदार.’

‘म्हणजे खजिनदारांची बायको.’

काकू ओट्यापाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी सोडलं नाही. म्हणालो, ‘आणि मला पगारच नाही. दुकान आहे. कुठल्या दिवसाचं देऊ? आपल्या गटातला कॉन्ट्रॅक्टर तर म्हणेल, त्या दिवशी मला तोटा झाला, मंडळानंच मला द्या.’ तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. मग पाणी प्यालात आणि विचारलंत, ‘तू माझ्या बाजूनं आहेस ना?’ इतक्या वर्षांत मला तुम्ही पहिल्यांदा ‘तू’ म्हणालात. मी म्हणालो, ‘हात तुमचाच.’ पुढचं तुम्ही विचारलं नाहीत.

बैठक शुक्रवारी, त्या कॉन्ट्रॅक्टरच्या व्हिलात. आपल्या गटाचा पैसा त्याचा, गाद्या त्याच्या, समोसेही त्याचे. त्याचा उमेदवार शिपिंगवाला मॅनेजर, इंग्लिश फाडफाड, वर्गणी आहे तीच ठेवून स्पॉन्सर आणतो म्हणणारा. तुम्ही उभे राहून आकडे सांगताय आणि लोक समोशांकडे बघतायत. तुमचं संपलं तेव्हा मॅनेजरच्या बायकोनं गोड आवाजात विचारलं, ‘योजना छान आहे हो सर, पण आमचा पगार आता आरतीत म्हणायचा का?’ हशा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘आणि माझीच लेबर वीस-वीस दिरहम टाकून मला मतदान करणार? उद्या म्हणतील, शेठ, तुम्ही मोदक वळा!’ आणखी हशा. मग कुणीतरी म्हणालं, ‘यल्ला, चला, मिस्त्रीला विचारा. कॅम्पात त्याची ऊठबस आहे, सरांचाही तो माणूस.’

मी उठलो. काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. ‘योजना बरोबर आहे. माप बरोबर आहे. पण लाकूड ओलं आहे. आज बसवाल, सहा महिन्यांत सांधे सुटतील. सर उभे राहिले तर दुसरा गट हे पगाराचं प्रकरण घेऊन घरोघर फिरेल आणि आपण पडू. सरांचं जमणार नाही.’ ह्यातला एकही शब्द मला तेव्हा खोटा वाटत नव्हता, आजही वाटत नाही. कॉन्ट्रॅक्टरनं मांडीवर थाप मारली, ‘खलास! आता बोलायला काय राहिलं?’ हात वर झाले. तुमच्यासाठी पाच. त्यातला एक माझा.

बाहेर तुम्ही वाकून चपला घालताय. कॉन्ट्रॅक्टर जाता जाता माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, ‘हबीबी, माझं काम झालं बघ.’ तुम्ही वर बघता. दोनच दिवसांपूर्वी, बुधवारी, शाळेतून चालत येताना त्याची गाडी माझ्या दुकानापुढे तुम्ही पाहिलेली. तुमचा आवाज अजिबात चढलेला नाही. ‘भाषण त्यांना, हात मला. किती मिळाले तुम्हाला?’

‘तुम्हाला’ म्हणालात. मी उत्तर दिलं नाही. उत्तर ‘काही नाही’ असं होतं, आणि ‘काही नाही’ हे तर घेणाराही म्हणतो. शिवाय माझी एक अट होती, मनातली: तुम्ही मला ओळखता, तुम्हाला सांगावं लागू नये. त्या अटीवर मी ताठ उभा राहिलो आणि तुम्ही रस्ता ओलांडून गेलात. पुढच्या शुक्रवारी मी आलो नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुम्ही बोलावलं नाहीत.

मॅनेजर अध्यक्ष झाला. त्या वर्षी स्पॉन्सरचा बॅनर गणपतीहून उंच होता. त्याची चौकट मीच केली, काटकोनात. पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पमधला आणखी एक जण गेला आणि आम्ही मदतीचा डबा घेऊन व्हिला-व्हिलातून फिरलो, त्या रंगाऱ्यासाठी फिरलो होतो तसेच. तुम्हाला साठ पूर्ण झाली, शाळेनं व्हिसा वाढवला नाही, तुम्ही नाशिकला परतायला निघालात. खोक्याचं माप घ्यायला मी आलो तेव्हा तुम्ही बाहेर गेला होतात, किंवा आतल्या खोलीत होतात. तुम्ही वारल्याची बातमी नाशिकहून आली तेव्हा मी एका दाराला सनमायका लावत होतो. गोंद लावलेला होता, थांबता येत नव्हतं. ते दार पुरं केलं आणि मग बसलो.

आता तो कॅम्प तिथं नाही, आणखी आत वाळवंटात गेलाय, माणसंही नवी. मंडळाची वर्गणी वाढली. एक दिवसाचा पगार ही गोष्ट कुणाला आठवत नाही. मुलाला एकदा सगळं सांगितलं, तो म्हणाला, ‘बाबा, इट वॉज जस्ट अ मंडळ.’ त्याचं बरोबरच असेल. मला रात्रंदिवस छळतं असंही नाही. फक्त एक गोष्ट सुटत नाही. लाकूड ओलं आहे हे मला दिसलं, की मी तसं म्हणालो म्हणून ते ओलं झालं? मी गप्प बसलो असतो तर हात पाच झाले असते की पंधरा? हे मोजायचं हत्यार माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे घेऊन जावं ते तुम्ही.

काकू नाशिकलाच आहेत, पत्ता माझ्याकडे आहे. पाठवणार नाही. त्यांना आजवर काही माहीत नाही, सोबत नेलेल्या कपाटाचं दार अजून नीट लागतं हे सांगायला त्यांनी फोन केला होता, तेवढं पुरे. हे पत्र दुकानातल्या टेबलाच्या खणात राहील.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मात्र लिहून ठेवतो. बुधवारी कॉन्ट्रॅक्टर आला तो नव्या बिल्डिंगच्या दारांचं काम घेऊन. म्हणाला, शुक्रवारी एवढंच बोल, ‘सरांचं जमणार नाही’, आणि सगळी दारं तुझी. मी नको म्हणालो. तो गेल्यावर प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं गुणाकार केला, हेही खरं. मग रंध्यानं पुसून टाकला. आणि दोन दिवसांनी तेच वाक्य फुकट बोललो. ती दारं दुसऱ्यानं केली, जाता-येता दिसतात, खालून फुगलीत. काम चाळीस हजार दिरहमचं होतं. त्या वेळच्या पावणेबाराच्या भावानं चार लाख सत्तर हजार रुपये.