दोन्ही काटे एकदम

आबा, तुम्ही गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आलं नाही ते आज लिहितोय. मला माझ्याच बायकोचा हेवा वाटायचा, आणि तो तुमच्यामुळं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बारामतीत डेपोमागं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज. शेळगावची तुमची सून दुपारचा डबा घेऊन यायची आणि तुम्ही जेवायला बसलात की उघड्या बॉनेटपाशी जाऊन उभी राहायची. "आबा, ही तार कुठं जाती?" तुम्ही हातातला घास तसाच ठेवून तिला सांगायचा. शाळा सुटल्यापासून मी तुमच्या हाताखाली. मला मात्र "बघ आन् शीक" एवढंच. मी बघत राहिलो. चुकलो की तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घ्यायचा, काही न बोलता. ते शिवीपेक्षा लागायचं.

त्याच उन्हाळ्यात बावड्याच्या डॉक्टरबाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. पेट्रोलचा काटा मधूनच वर चढायचा, मग आपोआप खाली यायचा. त्यापायी टाकीतला फ्लोट, पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा, मी आधीच बदलून दिला होता. आणि आता, एका अडलेल्या बाईला बारामतीला आणताना, काटा अर्धी टाकी दाखवत असतानाच पेट्रोल संपून गाडी रस्त्यात उभी राहिली. मागून आलेल्या जीपवाल्यानं बाईला दवाखान्यात पोचवलं म्हणून बाळ-बाळंतीण वाचली. हे सगळं सांगून डॉक्टरबाईंनी गाडीची किल्ली तुमच्यापुढं ठेवली. "जयभीम, आबा. हा काटा पुन्हा खोटं बोलला तर मी ही गाडी चालवणार नाही."

"मीटरच बदलावा लागंल," मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. गॅरेजात काटा अगदी शहाण्यासारखा जागेवर होता. "रस्त्यावर बिघडतंय तर रस्त्यावरच बघू," तुम्ही म्हणालात, आणि सुनेला हाक मारलीत. "तू म्होरं बस, पोरी. ह्यो रस्ता बघंल, तू काटं बघ."

इंदापूरचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी पार उखडलेला. मी गाडी चालवतोय, शेजारी ती पदर खोचून पुढं वाकलेली, तुम्ही मागं. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि ती ओरडली, "उठला! आबा, पेट्रोलचा उठला. आन् पाण्याचाबी. दोन्ही एकदम!"

"इंजिन तापलं असंल," मी म्हणालो.

"एका खड्ड्यात तापतंय व्हय?"

तुम्ही हसलात. गॅरेजात माझ्यासोबत तुम्ही तसे कधीच हसला नव्हता. "मग काय म्हणतीस?" तुम्ही तिला विचारलंत. काट्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "टाकी मागं, इंजिन म्होरं. दोन्हीकडं एकदम बिघाड व्हायचा न्हाय. जितं दोघांचं एक होतंय तितं बघाय पायजे."

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

लिंबाखाली गाडी थांबवून आपण डॅशबोर्ड उघडला. दोन्ही काट्यांना बेताचा करंट देणारी छोटी डबी मीटरच्या पाठीमागं होती. तिचा अर्थिंगचा स्क्रू गंजून ढिला झालेला. धक्का बसला की अर्थिंग तुटायचं, आणि काट्यांना जास्तीचा करंट मिळायचा. गंज घासायला पॉलिशपेपर तुम्ही तिच्या हातात दिलात. मी मीटर उचलून धरला होता. तेवढंच काम मला होतं. परतताना त्याच खड्ड्यांतून मी गाडी मुद्दाम जोरात घातली. खरं सांगतो, काटे उठावेत असं मला वाटत होतं. ते हलले नाहीत. तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावरून हात पुढं करून तुमचा टेस्ट लॅम्प, तारेत करंट आहे का ते बघायचा, तुम्ही स्वतः बनवलेला, तिच्या ओटीत ठेवलात. "ह्यो आता तुझा."

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमीच ठेवा." मी म्हणालो, "तुला दिलाय न्हवं?"

पुढं डॉक्टरबाईंनी ती गाडी बरीच वर्षं वापरली. वायरिंगचा अवघड बिघाड आला की गिऱ्हाईक वहिनींना विचारू लागलं. मी बॅटऱ्या आणि स्टार्टर बघतो. आमचं गॅरेज चालतं, आबा, चांगलं चालतं, आणि आमचं बरंही आहे.

पण दवाखान्यातली ती शेवटची सकाळ मात्र जात नाही. तुम्ही तिला एकटीला आत बोलावलंत. ती बाहेर आली, डोळे पुसून म्हणाली, "जावा, तुमाला बोलवत्यात." मी आत गेलो तर तुमचा डोळा लागला होता, आणि तुम्ही पुन्हा जागे झाला नाहीत. तुम्ही काय बोललात ते तिनं पुष्कळदा सांगायला घेतलं. दर वेळी मी उठून गेलो. आत्ताही ती पलीकडच्या खोलीत आहे, हाक मारली तर येईल. मारत नाही. तुम्ही शेवटी माझ्याबद्दल काही चांगलं बोलला असाल, तर तेही तिच्याच तोंडून ऐकावं लागेल, आबा, आणि ते अजून मला जमत नाही.