चार माणसांशिवाय निघालेला टप

मिस्त्री, आज शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. आत्ताच मी गर्डरखाली ताणलेला दोरा पट्टीनं मोजून स्टुलावरून खाली उतरलो. काल सकाळी ह्याच वेळेला मी गर्डरला तांदळाची चार पोती टांगली, म्हणजे दोनशे किलो. तेव्हा दोरा आणि गर्डर यांच्यात वीस मिलिमीटर अंतर होतं, आज अठरा आहे. एका दिवसात दोन मिलिमीटर वाकला, त्याहून जास्त नाही. जीपचा टप, म्हणजे वरचं अख्खं कडक छत, सव्वाशे किलोच्या आत असतो, म्हणजे माझं यंत्र धरेल. तुम्ही असतात तर हसला असतात. "ह्याला शिंप्याकडं कामाला लावा, टेप बरी धरतो," असं चहावाल्याला ओरडून सांगितलं असतंत. सांगा. मी मोजलंय आणि ते बरोबर आहे.

हे यंत्र काय आहे ते आधी लिहितो, कारण तुमच्या गॅरेजमध्ये असलं काही नव्हतं. शेडच्या दोन भिंतींवर आडवा गर्डर, गर्डरला चेनपुली, चेनपुलीला चौकोनी पाइपची एक चौकट आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार पट्टे. पट्टे टपाच्या कडांखाली घ्यायचे आणि साखळी ओढायची. टप सरळ वर जातो, जीप खालून बाहेर ढकलायची, टप तिथेच टांगलेला राहतो. सोमवारी जीप परत खाली आणायची आणि टप बसवायचा. ह्याला माणूस एक लागतो. तुम्ही म्हणायचात, टप चार माणसांनीच निघतो आणि ज्याला हाक मारून चार माणसं गोळा करता येत नाहीत त्यानं गॅरेज घालू नये. मी गॅरेज घातलंय. मळवली स्टेशनकडून भाजे गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, पत्र्याचं आहे, भाडं वेळेवर जातं.

तुमची पद्धत वाईट होती असं मी म्हणत नाही. शुक्रवार-शनिवार आला की किल्ल्यावर आणि पॉइंटांवर पाहुणे नेणारे जीपवाले लोणावळ्यात तुमच्या दारात उभे राहायचे, कारण पाहुण्यांना उघडी जीप हवी असते. तुम्ही रस्त्यावर येऊन शिट्टी वाजवायचात. समोरचा चहावाला गाळणी ठेवून यायचा, शेजारचा पंक्चरवाला हात पुसत यायचा, तिसरे तुम्ही, चौथा मी. एकेक कोपरा धरायचा, तुम्ही मान हलवली की उचलायचं. कोणाला पैसे नाहीत, नंतर एक चहा आणि क्रीमरोल, आणि पंक्चरवाल्याला ट्रकचं चाक उतरवायचं असलं की तुम्ही हातातलं काम टाकून जायचात. मी नववीत शाळा सोडून आलेला. बिलं तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात, कारण माझं शुद्धलेखन चांगलं होतं, आणि गिऱ्हाईकाला दाखवायचात, "बघा, छापल्यासारखं लिवतो." तेवढ्यापुरता मी तुमचा असायचो.

पण काच फुटली त्या शनिवारी चौथा कोपरा धरायला माणूस नव्हता. भाज्याचा जीपवाला आला होता, नऊ वाजता त्याचे पाहुणे स्टेशनवर उतरणार होते आणि तो फोनवर त्यांच्याशी बोलत रस्त्याच्या कडेला फिरत होता. पंक्चरवाल्यानं एक गाडी जॅकवर चढवली होती. त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "पाच मिनिटं थांबा, आलोच!" मी म्हणालो, थांबू या. तुम्ही म्हणालात, "पाच मिनिटांत तुझी काय लग्नघटका टळतीय? आमी दोघांनी टप काढलेत. भितोस का रं?" मग चहावाला पुढच्या उजव्या कोपऱ्याला, मी पुढच्या डाव्या कोपऱ्याला आणि मागची अख्खी बाजू तुमच्या एकट्याकडे. मागच्या बाजूला दार आणि काच, म्हणजे सगळं वजन तिथेच. टप खांबांवरून सुटला, आम्ही दोन पावलं सरकलो आणि मागची बाजू खाली गेली. काच फुटली, मडगार्डला पोचा पडला. जीपवाला धावत आला. तुम्ही उजवा हात पोटाशी धरून उभे होतात. तुम्ही त्याला म्हणालात, "पोरानं सोडला."

दोन शब्द. चहावाला रस्त्याकडे बघत राहिला. जीपवाला माझ्या अंगावर आला, "हाताला लोणी लावून आलास व्हय रं?" सगळे हसले, तुम्हीही. त्या दिवसापासून मी लोण्या. तुम्ही पुढच्या वर्षी गेलात, त्याला आता दहा वर्षं झाली, मी तिशीला आलो, पण नाव तसंच आहे. लोक माझ्याकडे ब्रेक करायला येतात, क्लच टाकायला येतात, ऑइल बदलायला येतात. टप काढायचा असला की तळेगावला जातात. माझ्या शेडवरून जातात आणि हॉर्न वाजवून जातात.

म्हणून मी हे यंत्र केलं. पहिल्यांदा चुकलो, तेही लिहितो. शेडच्या छपराच्या पाइपलाच पुली बांधली तर पाइप धनुष्यासारखा वाकला, तो काढून भंगारातून गर्डर आणला. मग चौकट मधोमध टांगली तर टपाची मागची बाजू खाली आणि पुढची वर, पाळण्यासारखी. ओळखीच्या भंगारवाल्याकडचा एक गंजका टप आणून मी अकरा दिवस हुक बोटाबोटानं मागे सरकवत होतो. चौकटीच्या मध्यापासून एकवीस सेंटिमीटर मागे हुक घेतला की टप सरळ राहतो. हा आकडा मी भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवलाय. आईचं बोलणं रोज चालू होतं. काल तर ती शेडच्या दारातच येऊन उभी राहिली, "समदा तांदूळ आढ्याला टांगलास. आता दुपारी काय हुकाला तोंड लावायचं?" मी म्हणालो, एक दिवस भाकरी खाऊ. ती म्हणाली, "तुजा मिस्त्री परवडला, त्यो निदान माणसांच्या तोंडचा घास टांगत न्हवता."

आठ वाजता जीप येईल. भाज्याचीच. तोच माणूस, तीच जीप, मागची काच नवी. तळेगावचा गॅरेजवाला आता एक दिवस आधी गाडी ठेवायला सांगतो आणि ह्याला ते परवडत नाही. परवा आला तेव्हा म्हणाला, "घरी काढला असता रं, पर माणसं हायेत कुटं? समदी कंपनीत. रविवारी बी ओव्हरटाइम." जाताना एवढंच म्हणाला, "एक डाव तुला देतो. पाडलास तर मावळात कुणी तुला डबा बी उचलू देणार न्हाई." खरं आहे ते. अक्षर बिघडलंय ते दिसतंय मला. बोल्ट परत एकदा तपासतो.

आता साडेअकरा. टप निघाला.

जीप आत घेतली, बोल्ट काढले, पट्टे लावले. तो माणूस बाह्या वर करून मागच्या कोपऱ्याशी उभा राहिला. मी म्हणालो, हात काढा. तो म्हणाला, "अरं धरतो की एक कोपरा, त्यात काय?" मी म्हणालो, कोणी कोपरा धरायचा नाही, दारात जाऊन उभे राहा. तो गेला, पण हात पसरूनच उभा होता. साखळी ओढली. टप तीन बाजूंनी सुटला आणि मागचा डावा कोपरा चिकटून राहिला. "झालं, लोण्या लागला लोणी लावायला," तो म्हणाला. मी टप खाली घेतला, ब्लेडनं वाळलेलं रबर कापलं आणि पुन्हा साखळी ओढली. वीतभर. हातभर. काच हलली नाही. तो म्हणाला, "जीप तरी ढकलू का, का तीबी साखळीनं वढनार?" मी म्हणालो, ढकला.

टपाखालून जीप बाहेर गेल्यावर मी त्याला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी सोडला नव्हता. मिस्त्रींचा खांदा गेला होता, मागची बाजू त्यांच्याकडे होती. त्यानं वर टांगलेल्या टपाकडे बघितलं. मग म्हणाला, "मेलेल्या माणसावर ढकलतोस व्हय?" मी म्हणालो, व्हय. ते जिवंत होते तेव्हाही खरं हेच होतं. तो म्हणाला, "मग तवा का न्हाई बोलला?" मी म्हणालो, एकोणीस वर्षांचा होतो आणि त्यांच्याकडे पगारावर होतो. त्यानं पाचशेची नोट बोनेटवर ठेवली. "सोमवारी बसवायला आनतो," म्हणाला आणि गेला. त्यानं माझं म्हणणं मानलं का ते मला कळलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही.

मिस्त्री, मला तुमची दया येत नाही. तुम्ही चांगले कारागीर होतात आणि त्या दिवशी खोटं बोललात, दोन्ही मी लिहून ठेवतो. पण त्या माणसाला दिलेलं उत्तर पुरतं नव्हतं. तुमच्या खांद्याचं मला तीन महिने आधीपासून माहीत होतं. तुम्ही डाव्या हातानं भांग पाडायला लागला होतात आणि वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगायचात. तरी मी पुढे जाऊन हलका कोपरा धरला. चहावाल्याला मागे पाठवलं नाही, स्वतः गेलो नाही. थांबू या म्हटल्यावर तुम्ही मला हसला होतात, आणि टप पडावा असं मला वाटलं होतं. काच फुटली तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी त्याला सांगितलं नाही. हा कागदही कुठे जाणार नाही, बिलबुकाच्या मागच्या पानांत राहील.

खर्च असा. गर्डर ४,२००. चेनपुली, जुनी, ३,५००. पाइप आणि वेल्डिंग २,६५०. पट्टे चार, १,२००. बोल्ट, ब्लेड, किरकोळ ४३०. एकूण ११,९८०. जमा ५००. देणे, भंगारवाल्याचे २,०००. येणे, तुमच्याकडून, फुटलेल्या काचेचे तुम्ही माझ्या पगारातून सात आठवडे चारशे-चारशे कापलेत ते, २,८००. त्यातले चौदाशे मी सोडतो आहे. बाकीचे चौदाशे सोडत नाही.