दोघींचा एक कागद

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. हे फोनवर बोलायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

लहानपणी या देशात आणलेल्या, कागद नसलेल्यांना राहायची आणि कामाची परवानगी मिळणार आहे. मुदत तीस एप्रिल. वाचनालयाच्या वरच्या खोलीत या बाई फुकट अर्ज भरून देतात. गेल्या सोमवारी आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीतून इस्त्रीवाल्या ताईला कागद नाहीत म्हणून पोलीस घेऊन गेले. तिचा अर्धा चहा तसाच राहिला. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी दिवा मालवते.

कागदांसाठी आईची पेटी उघडली. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. आत जन्माचे दोन दाखले निघाले. एकावर मी लावते ते नाव, पण आई म्हणून तू. दुसऱ्यावर आई माझी, मुलीचं नाव भलतंच. बाबा म्हणाले, मावशीला विचार, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मावशी, यातली मी कोणती?

तुझी,
ठकू


१९ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लागलं. थट्टा इथेच संपली.

तू दुसरी. पहिली माझी मुलगी.

तुझे आईबाबा आधी तिकडे गेले, तू वर्षभर माझ्याकडे होतीस. दोघी एका ताटात जेवायचात. तुझा व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला. तुझी आई फोनवर नुसती रडायची. माझ्या मुलीचा पासपोर्ट आणि व्हिसा मात्र तयार होता, आम्ही सुट्टीत तुमच्याकडे येणार होतो. त्याआधी तिला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली. चार वर्षांची होती.

महिन्याने हे, तुझे काका, तुला तिच्या पासपोर्टवर घेऊन निघाले. नवं नाव विसरू नयेस म्हणून मीच ते तुझ्याकडून घोकून घेतलं. तिच्या मृत्यूची नोंद आम्ही केलीच नाही. केली असती तर तू सापडली असतीस. सरकारदरबारी ती अजून जिवंत आहे. वकीलबाईंना सगळं सांग.

तुझी,
मावशी


२ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न.

पत्र चादरींच्या ढिगाआड उभ्यानं वाचलं. रडायचंही सुचलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, चार वर्षांच्या पोरीला कुणी जाब विचारणार नाही. पण आज बहिणीचा दाखला आपला म्हणून जोडलास, तर तो गुन्हा तुझा. खरं सांगायचं तर दोन मुली होत्या हे दाखवायला हवं. त्यासाठी तिच्या मृत्यूचा दाखला आणि काकांचं प्रतिज्ञापत्र लागेल. काकांवर खटला होऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. बाबा म्हणतात, त्यांना अडकवून आपल्याला काही नको. मागायला माझी जीभ रेटत नाही. नाही म्हणालीस तरी मी तुझीच.

ठकू


१६ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद.

दाखला आणि प्रतिज्ञापत्र सोबत आहेत, मुदतीआधी पोचावेत म्हणून कुरियरनं धाडते. काकांना थांबवायला गेले तर माझ्यावरच खेकसले, की पोरीला नेताना कुणाला विचारलं नव्हतं, आता सांगतानाही विचारणार नाही.

नोंदणी कार्यालयात तीन खेपा झाल्या. कारकुनानं विचारलं, एकोणीस वर्षं झोपला होतात का? नशीब, तिला तपासणारे डॉक्टर हयात आहेत आणि त्यांच्या जुन्या वहीत नोंद सापडली. मयताचं नाव विचारलं तेव्हा मी काकांकडे पाहिलं, त्यांनी सांगितलं. मग बाहेरच्या बाकावर बसून मी पोटभर रडले. इतकी वर्षं चारचौघांत तिच्यासाठी रडायची सोय नव्हती गं.

मावशी


११ जून

ती. मावशीस व ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली! दोन वर्षांची, पुढे वाढवता येईल. काकांचं प्रतिज्ञापत्र मात्र इथून तुमच्याकडच्या पासपोर्ट कचेरीत चौकशीसाठी गेलं आहे. वकीलबाईंनी तिथल्या ओळखीच्या वकिलांशी बोलून ठेवलंय. काकांनी एकट्यानं कुणाला जबाब देऊ नये. मला धड आनंदही होत नाही.

सुनावणीला माझं खरं नाव पुकारलं, तर मी ढिम्म. वकीलबाईंनी कोपरानं ढोसलं. साहेबांनी दोन तास उलटसुलट विचारलं, डॉक्टरांच्या वहीचं पान दोनदा वाचलं. मग माझं आजवरचं नाव त्यांनी ‘खोटं नाव’ अशा रकान्यात लिहिलं. गप्प बसायचं ठरलं होतं, पण मला राहवलं नाही. म्हटलं, साहेब, खोटं नाही, ते माझ्या बहिणीचं आहे. मग रकान्याच्या डोक्यावरचं ‘खोटं नाव’ खोडून त्यांनी वर लिहिलं: मावसबहीण, मयत. आणि शेजारी सही केली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची,
ठकू